६८३ न वापरलेले इम्पोर्ट काढले, त्याची हकिकत

२६ मार्च २०२५, बुधवार. सकाळी नऊ-दहाला अमळनेरच्या जिनिंगमधून फोन आला. वजनकाट्यावर बसणारा मुलगा माझ्याशी अहिराणीतच बोलतो. म्हणाला, "ताई, पावती निंघी नही राहिनी." त्याच्यामागे ट्रॅक्टर धडधडत होते. हंगाम संपत आलेला, घरात शेवटचा राहिलेला कापूस घेऊन लोक आलेले आणि गेटवर सात-आठ गाड्या रांगेत.

आमचं सॉफ्टवेअर या जिनिंगची काटापट्टी काढतं. भरलेल्या गाडीचं वजन, कापूस खाली केल्यावर रिकाम्या गाडीचं वजन, दोहोंतला फरक, ओल, भाव, त्यावरून हिशोब आणि मग तो हिशोब शेतकऱ्याच्या खात्यात. सगळं पायथन या प्रोग्रामिंग भाषेत, जँगो या वेब-सॉफ्टवेअर बनवायच्या तयार चौकटीवर लिहिलेलं. २०१६पासून चालू आहे. माझ्याआधी चार जणांनी त्यावर काम केलं, मी पाचवी. धुळ्याला देवपुरात आमचं चार माणसांचं ऑफिस आहे.

आदल्या रात्री आम्ही नवीन सर्व्हरवर गेलो होतो. जाताना लायब्ऱ्यांची, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्या आणि आपण वापरतो त्या तयार कोडची यादी मीच छाटली होती. त्यातली एक पीडीएफ बनवणारी जुनी लायब्ररी दोन वर्षांपासून कुठेच वापरात नव्हती, म्हणून ती यादीतून काढली. पण रिपोर्टच्या एका फाइलच्या डोक्यावर तिच्या इम्पोर्टची ओळ, म्हणजे तो कोड या फाइलमध्ये वापरायला आणणारी ओळ, तशीच राहिली होती. त्या अख्ख्या फाइलमध्ये त्या नावाचा पुढे एकदाही उपयोग नाही. पायथनला त्याच्याशी काही देणंघेणं नसतं. फाइल उघडली की इम्पोर्टची ओळ तो चालवतोच. लायब्ररी सापडली नाही, फाइल चढली नाही, म्हणजे लोड झाली नाही. सॉफ्टवेअरच्या पानांच्या पत्त्यांची (यूआरएलची) यादी त्या फाइलवर अवलंबून, त्यामुळे अख्खं सॉफ्टवेअर बसलं. लॉगमध्ये शेवटच्या ओळीत 'मॉड्यूल नॉट फाउंड' (इम्पोर्ट करायचा कोड सापडला नाही) दिसत होतं. ती एक ओळ खोडली आणि सगळं पुन्हा सुरू झालं. मात्र ते सापडेपर्यंत चाळीस मिनिटं गेली होती आणि तेवढा वेळ माणसं मार्चच्या उन्हात गाडीवर बसून होती.

त्या दिवशी संध्याकाळी ठरवलं की अशा सगळ्या ओळी शोधून काढायच्या. काम मोठं वाटत होतं आणि भीतीही वाटत होती, कारण चालत्या सॉफ्टवेअरमध्ये शेकडो ठिकाणी हात घालायचा होता. इंटरनेटवर याबद्दल जे वाचायला मिळतं ते दोन ओळींचं असतं: अमुक कमांड चालवा, झालं. माझं दोन ओळींत झालं नाही, सात आठवडे लागले. म्हणून घडलं तसं लिहून ठेवते आहे.

आमच्या ऑफिसच्या सरांना सांगितलं तर ते म्हणाले, "मार्च एन्ड होऊ दे, मग बघू." बरोबरच होतं त्यांचं. ३१ मार्चपर्यंत हिशोबाच्या सॉफ्टवेअरला कुणीच हात लावत नाही.

दुसरी पायरी कागदाची. जिनिंग सहकारी संस्थेचं आहे आणि त्यांच्याकडे प्रणालीत कुठलाही बदल करायचा तर पत्र लागतं. ३ एप्रिलला आमच्या लेटरहेडवर पत्र दिलं. आवक-जावकच्या टेबलावर शिक्का, आवक क्रमांक, मग मॅनेजर साहेबांचा शेरा, मग संचालक मंडळाची मासिक सभा. सभा १७ एप्रिलला झाली आणि मंजुरीचं पत्र हातात पडलं २१ला. तीन अटी होत्या. काम खरेदी थंडावल्यावरच करायचं, त्याआधी सगळ्या माहितीची प्रत वेगळ्या डिस्कवर घ्यायची आणि तपासणीला हिशोब विभागातला माणूस हजर असला पाहिजे. त्या वेळी या अटींनी थोडी चिडचिड झाली. तिसरी मात्र योग्यच होती, हे मला १६ एप्रिललाच कळलं होतं; ते पुढे येईलच.

पत्राबद्दल एक सांगते. पहिल्या मसुद्यात मी 'न वापरलेले मॉड्यूल इम्पोर्ट काढणे' असं लिहिलं होतं. सरांनी ते वाचून परत दिलं. सभेत बसलेल्या बारा शेतकऱ्यांना यातलं काय कळणार? मग लिहिलं, '२६ मार्च रोजी ज्या कारणाने काटा चाळीस मिनिटे बंद राहिला, तशी आणखी ठिकाणे शोधून दुरुस्त करणे.' काम किती तासांचं, काटा किती वेळ बंद राहील, बिघडलं तर जुनी प्रत किती मिनिटांत परत बसेल, हे तिन्ही आकडे लिहिले. सभेत एकही प्रश्न आला नाही, असं नंतर समजलं.

मंजुरीची वाट पाहत हातावर हात ठेवून बसायची गरज नव्हती. तपासणी माझ्या लॅपटॉपवर करता येते, त्याला कुणाची परवानगी लागत नाही.

४ एप्रिलला फ्लेक८ हे कोडमधल्या चुका दाखवणारं साधन बसवलं आणि प्रोजेक्टच्या फोल्डरवर चालवलं. पडद्यावर तक्रारी धावत सुटल्या. एकूण ९,४१२. मी लॅपटॉप बंद केला आणि चहा प्यायला गेले. परत आल्यावर आकडेवारी दाखवणारा पर्याय लावून पाहिलं, तर निम्म्याहून जास्त तक्रारी ओळ लांब असल्याच्या होत्या. फ्लेक८ मुळात ७९ अक्षरांपर्यंतच ओळ चालवून घेतं आणि आमच्याकडे कुणीच ते पाळलेलं नाही. बाकीच्या बऱ्याच मोकळ्या जागा आणि रिकाम्या ओळींच्या. त्या कुरूप असतील, पण त्यांनी काटा बंद पडत नाही. म्हणून फक्त एफ४०१, म्हणजे न वापरलेल्या इम्पोर्टचा, एवढाच नियम निवडला. उरल्या ६८३. पहिल्यांदा करत असाल तर हेच आधी करा. सगळे नियम एकदम लावले की माणूस घाबरतो आणि काम तिथेच राहतं.

एफ४०१चा संदेश साधा असतो: फाइलचं नाव, ओळ क्रमांक, अमुक नाव इम्पोर्ट केलं आहे पण वापरलं नाही. हे ओळखण्याचं काम खरं तर फ्लेक८चं नाही, त्याच्या पोटातल्या पायफ्लेक्सचं. 'एफ'ने सुरू होणारे नियम पायफ्लेक्सचे, 'ई' आणि 'डब्ल्यू'ने सुरू होणारे पायकोडस्टाइलचे. पायफ्लेक्स तुमचा प्रोग्राम चालवत नाही. फाइल वाचतं, तिचं झाड मांडतं, इम्पोर्टने कुठली नावं आली ते नोंदवतं आणि ती नावं पुढे कुठे वापरली का ते बघतं. शेवटी ज्या नावापुढे खूण लागली नाही ते तुम्हाला सांगतं. काही चालवायचं नसल्यामुळे ते निर्धोक आहे आणि वेगवान आहे. पण ते एका वेळी एकच फाइल बघतं. शेजारच्या फाइलमध्ये काय चाललं आहे हे त्याला माहीत नसतं. हे वाक्य मी ४ तारखेला वाचलं होतं. त्याचा अर्थ १५ तारखेला कळला.

पुढचा आठवडा मी काहीही न काढता फक्त यादी वाचली. २२ फायलींच्या डोक्यावर सारखाच चौदा ओळींचा मजकूर होता. तारीख, वेळ, दशांश, जेसन, जँगोच्या सात-आठ गोष्टी. कुणीतरी नवीन फाइल बनवताना जुनी कॉपी केली आणि डोकं तसंच ठेवलं, मग पुढच्याने त्या फाइलची कॉपी केली. त्यातल्या दहा-अकरा ओळी प्रत्येक फाइलमध्ये नुसत्या पडून. मला कुणाचा राग आला नाही. दोन ठिकाणी बदलाच्या नोंदीत माझंच नाव होतं.

पेप८ या पायथनच्या २००१ सालच्या शैलीपत्रात सांगितलंय की इम्पोर्ट फाइलच्या डोक्यावर असावेत, आधी पायथनचे स्वतःचे, मग बाहेरच्या लायब्ऱ्यांचे, मग आपल्या प्रोजेक्टचे. आणि तारांकित इम्पोर्ट, म्हणजे 'त्या फाइलमधलं सगळंच आण', टाळावेत. आमच्याकडे सहा फायलींत तारांकित इम्पोर्ट होते. तिथे पायफ्लेक्स अर्धं आंधळं होतं. एखादं नाव कुठून आलं हे त्याला ठामपणे सांगता येत नाही, ते फक्त 'बहुधा ताऱ्यातून आलं असेल' एवढंच म्हणतं. म्हणून मी आधी ते सहा तारे काढून प्रत्येकाच्या जागी नेमकी नावं लिहिली. त्यात दीड दिवस गेला. पण तारा गेल्याबरोबर एका फाइलमध्ये एफ८२१ उमटला, म्हणजे अस्तित्वातच नसलेलं नाव. गाठींच्या साठ्याच्या रिपोर्टमध्ये, खंडीचा हिशोब किलोत करणाऱ्या फंक्शनचं नाव एका अक्षराने चुकलं होतं. ती वाट वर्षातून एखाद्या वेळीच लागते, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. ताऱ्याच्या आड ती चूक वर्षानुवर्षं बसून होती.

१५ एप्रिलला मी घाई केली. ऑटोफ्लेक नावाचं साधन न वापरलेल्या ओळी आपोआप खोडतं. नुसतं चालवलं तर ते फक्त पायथनच्या स्वतःच्या मॉड्यूलचे इम्पोर्ट काढतं, कारण बाहेरचं किंवा आपलं मॉड्यूल नुसतं इम्पोर्ट केल्यानेही काही घडत असू शकतं, हे त्याच्या लेखकांना माहीत आहे. सगळेच काढायचे असतील तर तसा वेगळा पर्याय द्यावा लागतो. मी तो दिला. आमच्या मोजक्या टेस्ट, म्हणजे कोड बरोबर चालतो का ते आपोआप पाहणारे छोटे प्रोग्राम, चालवल्या. प्रोग्राम सुरूच होईना. एक फाइल दुसरीकडून 'डेसिमल' (पायथनची दशांश आकड्यांची सोय) मागत होती आणि ते आता तिथे नव्हतं. झालं होतं असं, की हिशोबाच्या फाइलने डेसिमल इम्पोर्ट केलं होतं, स्वतः कधी वापरलं नाही, पण ओलीची कपात काढणारी फाइल ते पायथनकडून न घेता हिशोबाच्या फाइलकडून घेत होती. पायथनला हे चालतं. पायफ्लेक्सला हिशोबाच्या फाइलमध्ये डेसिमल बिनकामाचं दिसलं आणि त्याच्या नजरेने ते खरंही होतं. अशा चार जागा दुरुस्त केल्या, टेस्ट हिरव्या झाल्या. संध्याकाळी चाचणीच्या सर्व्हरवर टाकलं आणि खुशीत घरी गेले.

१६ला सकाळच्या एसटीने अमळनेरला गेले. (महिलांना अर्धं तिकीट असल्यामुळे या सगळ्या कामात माझ्या फेऱ्यांचा खर्च किरकोळ झाला.) हिशोब विभागात नाना बसतात. निवृत्तीला दोन वर्षं राहिली आहेत. कॉम्प्युटर चालू असला तरी शेजारी लाल कापडी बांधणीची वही असतेच. मी म्हटलं, "नाना, चाचणीवर पाच-सहा काटापट्ट्या करून बघता का?" त्यांनी खोटं नाव न घालता मागच्या आठवड्यातली खरी पावती समोर ठेवली. भरलेली गाडी ३,४१० किलो. रिकामी १,९८०. निव्वळ १,४३०. ओल टाकली, भाव टाकला, सेव्ह केलं. पावती छापून आली. आकडे जुळले. मी उठायच्या बेतात होते.

नाना म्हणाले, "बस, पोरी. अजून खातं पाहिलं नाही." त्यांनी शेतकऱ्याचं खातं उघडलं. शेवटची नोंद मागच्या आठवड्याचीच. आताच्या पावतीची रक्कम कुठेच नाही. दुसरी पावती केली, तीही नाही. पडद्यावर कुठलीही चूक दाखवली जात नव्हती, लॉग स्वच्छ होता. पावती निघत होती आणि पैसे खात्यात पडत नव्हते. नानांनी माझ्याकडे बघितलं, वही पुढे ओढली आणि त्यात पेन्सिलीने दोन्ही पावत्यांचे नंबर लिहिले. मला दरदरून घाम फुटला. हे खऱ्या सर्व्हरवर गेलं असतं तर पहिला शेतकरी पासबुक घेऊन येईपर्यंत कुणालाच कळलं नसतं.

कारण दुपारी सापडलं. जँगोमध्ये सिग्नल नावाची सोय आहे. पावती सेव्ह झाली की आपोआप दुसरं काम व्हावं, तर ते काम एका फाइलमध्ये लिहितात आणि सिग्नलला जोडतात. ही जोडणी ती फाइल इम्पोर्ट झाल्यावरच होते. आमच्याकडे ती फाइल एका व्ह्यूच्या (पडद्यावरचं पान तयार करणाऱ्या कोडच्या) फाइलच्या डोक्यावर नुसती इम्पोर्ट केलेली होती. नाव पुढे कुठेच वापरलेलं नाही, कारण वापरायचं काही नव्हतंच. इम्पोर्ट होणं हेच तिचं काम. साधनाने ती ओळ नियमाप्रमाणे काढली.

त्या रात्री सगळं गिटवरून (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनावरून) मागे घेतलं आणि नव्याने सुरुवात केली. प्रोजेक्टचे अकरा भाग होते. एका वेळी एकच भाग घ्यायचा, त्याचाच बदल नोंदवायचा, तपासायचा, मग पुढचा. १७ ते २८ एप्रिल हेच केलं. बाहेर बेचाळीस-त्रेचाळीस अंश, दुपारी वीज गेली की लॅपटॉपची बॅटरी संपेपर्यंत काम, मग पांझरा नदीवरून वारा येईल या आशेने गच्चीवर.

या दहा दिवसांत हाती लागलेल्या दोन गोष्टी तुम्हाला उपयोगी पडतील. इम्पोर्ट काढल्यावर होणारे बिघाड दोन जातींचे असतात. एक ओरडणारा, एक गप्प बसणारा. डेसिमलसारखा बिघाड ओरडतो. त्यासाठी मी पंधरा ओळींची एक छोटी स्क्रिप्ट लिहिली. ती प्रोजेक्टमधली प्रत्येक फाइल एकेक करून इम्पोर्ट करून बघते आणि कुठली चढत नाही ते सांगते. दहा सेकंदांत होतं. प्रत्येक भाग संपला की ती चालवायची. टेस्ट कमी असलेल्या जुन्या प्रोजेक्टला याचा मोठा आधार वाटतो.

गप्प बसणाऱ्या बिघाडाला स्क्रिप्ट नाही. त्यासाठी मी यादीतून वेगळ्या काढल्या त्या ओळी, ज्यांत आपल्याच प्रोजेक्टचं अख्खं मॉड्यूल इम्पोर्ट केलंय आणि नाव वापरलेलं नाही. अशा १९ निघाल्या. प्रत्येकीची मूळ फाइल उघडून वरपासून खालपर्यंत वाचली. फाइलमध्ये नुसती फंक्शनं आणि क्लास असतील तर इम्पोर्ट काढायला हरकत नाही. पण फाइल चढताना कशाची तरी नोंदणी होत असेल, काही जोडलं जात असेल, एखादी मांडणी बदलली जात असेल, तर ती ओळ जिवंत आहे. १९पैकी ६ जिवंत होत्या. तीन सिग्नलच्या, दोन पैसे देण्याच्या पद्धती नोंदवणाऱ्या (रोख, धनादेश, थेट बँकेत), एक रुपयाचे आकडे भारतीय पद्धतीने स्वल्पविराम देऊन छापायची सोय लावणारी. शेवटची ती गेली असती तर लाखांचे आकडे परदेशी पद्धतीने छापले गेले असते.

सिग्नलच्या तिन्ही ओळी मी व्ह्यूतून उचलून त्या त्या भागाच्या अ‍ॅप्सच्या फाइलमध्ये 'रेडी' या पद्धतीत ठेवल्या. जँगोने त्यासाठीच ती जागा दिलेली आहे. ओळीच्या शेवटी 'नोक्वा' आणि पुढे एफ४०१ लिहिलं की तपासणारं साधन ती सोडून देतं. नियमाचा क्रमांक लिहायला विसरू नका. नुसतं 'नोक्वा' लिहिलं तर त्या ओळीवरच्या सगळ्याच चुका झाकल्या जातात.

इनिट फायलींचा, म्हणजे फोल्डरमधला कोड बाहेरच्यांना एकत्र देणाऱ्या फायलींचा प्रश्न वेगळा. तिथे इम्पोर्ट बहुतेकदा दुसऱ्यांना देण्यासाठी असतात. आमच्याकडे असे ७८ होते. ऑटोफ्लेकला इनिट फायली सोडायला सांगणारा पर्याय आहे, तो लावला, आणि बाहेर द्यायची नावं 'ऑल' नावाच्या यादीत लिहिली. त्या यादीतलं नाव पायफ्लेक्स वापरलेलं समजतं. टेस्टच्या फायलींतही असंच फसायला होतं. पायटेस्ट या टेस्ट चालवणाऱ्या साधनाची फिक्स्चर (टेस्टला लागणारी पूर्वतयारी) दुसरीकडून इम्पोर्ट केलेली असली की ती न वापरलेली दिसतात, कारण ती फक्त फंक्शनच्या कंसात नावाने येतात. ती कॉनफटेस्टच्या, म्हणजे पायटेस्ट आपोआप वाचतं त्या फाइलमध्ये हलवली की इम्पोर्टची गरजच उरत नाही.

लायब्ररी असेल तर वापरा, नसेल तर दुसरी घ्या, अशा 'ट्राय' आणि 'एक्सेप्ट'मधल्या इम्पोर्टना मी हात लावला नाही. जँगोने स्वतः बनवलेल्या मायग्रेशनच्या (डेटाबेसची रचना बदलणाऱ्या) फायली तपासणीतूनच वगळल्या.

२९ एप्रिल ते २ मे सुटी घेतली. ३०ला आखाजी (अक्षय्य तृतीया) होती. माहेरी, शिंदखेड्याकडे गेले. निंबाला झोके बांधलेले, गौराईची गाणी, सांजोऱ्या, आमरस. चार दिवस लॅपटॉप उघडला नाही. आमच्याकडे लेक आखाजीला आली नाही तर आई वर्षभर बोलते, आणि मला त्या विश्रांतीची गरज होती हे परत आल्यावर कळलं. थकलेल्या डोळ्यांनी दुर्लक्षिलेल्या दोन ओळी ५ मेला पहिल्या तासात सापडल्या.

६ मेला आणखी एक ठेच लागली. आमच्या ऑफिसमधला नवा मुलगा लायब्ऱ्यांची यादी पुन्हा जुळवत होता. एका फाइलमधून मी ओपनपायएक्सएल या लायब्ररीचा इम्पोर्ट काढला होता, कारण तिथे ते नाव वापरात नव्हतं. आता प्रोजेक्टमध्ये त्याचा उल्लेख कुठेच उरला नाही, म्हणून त्याने ती लायब्ररी यादीतून वगळली. चाचणीवर सभासदांची एक्सेल फाइल चढवायला घेतली तर पांडास (तक्त्यांतली माहिती हाताळणारी लायब्ररी) म्हणालं, ओपनपायएक्सएल नाही. एक्सेल वाचताना पांडास आतून तीच लायब्ररी वापरतं. म्हणजे इम्पोर्टची ओळ गेली तरी चालतं, लायब्ररी मात्र लागते. आता आमच्या यादीत त्या ओळीपुढे शेरा आहे: पांडाससाठी, एक्सेल वाचायला. इम्पोर्ट काढणं आणि लायब्ररी काढणं ही दोन वेगळी कामं आहेत आणि ती एकाच दिवशी करू नयेत. २६ मार्चला मी उलट्या बाजूने तीच चूक केली होती.

८ मेला नानांसमोर पुन्हा चाचणी. या वेळी माझ्याकडे त्यांनीच सांगितलेली यादी होती: पावती, खातं, दिवसाचा गोषवारा, रोख वही, गाठींचा साठा, ओलीची कपात. पस्तीस पावत्या. प्रत्येक पावतीनंतर ते खातं उघडायचे आणि वहीत टिक करायचे. साडेतीन तास लागले. मधे कळण्याची भाकरी आणि ठेचा त्यांनी घरून मागवला. एकही फरक निघाला नाही. त्यांनी तपासणीच्या कागदावर सही केली, तारीख टाकली, वेळही टाकली.

१० मे, शनिवार. रात्री साडेनऊला काटा बंद झाला. पूर्ण प्रत वेगळ्या डिस्कवर घेतली, त्याला पन्नास मिनिटं. नवा कोड टाकायला सहा मिनिटं. स्क्रिप्ट चालवली, सगळ्या फायली चढल्या. पाच पावत्या करून, खाती बघून, त्या रद्द केल्या. रात्री पावणेबाराला सरांना फोन केला. सोमवारी १२ तारखेला सकाळी मी काट्यावरच जाऊन उभी राहिले. पहिली गाडी पळासखेड्याची होती. पावती निघाली, मी आत जाऊन नानांना विचारायच्या आधीच त्यांनी काचेतून मान हलवली.

हिशोब असा. ६८३पैकी ५७४ ओळी काढल्या, ७८ 'ऑल'च्या यादीत गेल्या, ३१ कारण लिहून ठेवल्या. माझे एकूण एकसष्ट तास गेले. चाचणीच्या सर्व्हरचं दोन महिन्यांचं भाडं १,४६० रुपये, डिस्क ४,२०० रुपये. डिस्कचे पैसे संस्थेने दिले, बाकी आम्ही सोसले. साधनं सगळी फुकट, मुक्त स्रोताची. सॉफ्टवेअरची गती वाढेल असं मला वाटलं होतं, ती फारशी वाढली नाही. पायथनमध्ये प्रत्येक इम्पोर्टला किती वेळ लागतो ते दाखवणारी सोय ३.७ आवृत्तीपासून आहे. तिने मोजलं तर सुरू व्हायला ५.८ सेकंद लागायचे ते ५.१वर आले. जड लायब्ररी पांडास, आणि ती दुसरीकडे खरोखर लागतेच. गतीसाठी हे काम करायला घेऊ नका.

पुन्हा साठू नये म्हणून प्री-कमिट हे साधन बसवलं आहे. बदल नोंदवताना फक्त बदललेल्या फायली तपासल्या जातात, एफ४०१ निघाला तर नोंदच होत नाही. पहिल्या आठवड्यात नव्या मुलाने कुरकुर केली. अर्धवट काम नोंदवायचं असतं तेव्हा पुढे लागणारा इम्पोर्ट आधीच लिहिलेला असतो आणि साधन अडवतं. एक पर्याय लावून ही तपासणी चुकवता येते हेही त्याला सापडलं. म्हणून तीच तपासणी सर्व्हरवर चढवतानाही लावली, तिथे चुकवता येत नाही. आता फ्लेक८ऐवजी रफ नावाचं साधन वापरतो. ते रस्ट या भाषेत लिहिलेलं आहे आणि क्षणात होतं. नियमाचा क्रमांक तोच, त्यामुळे आधीच्या नोक्वा तशाच चालल्या.

ठेवलेल्या ३१ ओळींपैकी प्रत्येकीवर मराठीत एक-दोन वाक्यं लिहिली आहेत. सिग्नलच्या ओळीवर असं आहे: 'ही ओळ काढू नका. काढली तर काटापट्टीची रक्कम शेतकऱ्याच्या खात्यात पडत नाही आणि कुठलीही चूक दाखवली जात नाही. १५ एप्रिल २०२५ रोजी काढून पाहिली आहे.'

काम पूर्ण झाल्याचं पत्र १९ मेला दिलं. त्यालाही आवक क्रमांक पडला. आता शहाद्याच्या जिनिंगचं सॉफ्टवेअर आहे, ते याच कोडवरून निघालेलं. त्यावर तपासणी चालवली तर ३११ निघाले. त्यांची सभा महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी असते. पत्र तयार आहे, आणि दसऱ्याला नवा कापूस यायच्या आत हे संपवायचं आहे.